निखारा एक, नियम दोन

शनिवार-रविवारी शेतघरावर, गच्चीत किंवा अंगणात शेगडी पेटवून चिकन भाजण्याची हौस आता आपल्याकडे चांगलीच रुजली आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांत तर उन्हाळा आला की परसातली ग्रिल झाकणाखालून बाहेर निघतेच. हौस मोठी, पण तक्रारीही ठरलेल्या. चिकन वरून काळं आणि हाडाजवळ कच्चं. कच्चं राहू नये म्हणून आणखी थोडा वेळ ठेवावं, तर छातीचा तुकडा चोथ्यासारखा कोरडा. बरगड्या, म्हणजे रिब्ज केल्या, तर चावून चावून जबडा दुखतो. मग दोष कधी मसाल्याला दिला जातो, कधी कोळशाला, कधी खाटकाला.

खरं कारण बहुतेक वेळा तापमानाचं असतं. कोंबडी आणि बरगडी एकाच जाळीवर भाजली जात असली, तरी दोन्हींची आतली घडण वेगळी आहे. कोंबडीची छाती एका ठरावीक तापमानाला पोचली की तिथेच थांबायला हवं. बरगडी त्याच तापमानाला उतरवली तर ती खायला सुरक्षित असते, पण दाताला वातड लागते. तिला त्याच्याही पुढे आणखी पंधरा-वीस अंश, तेही सावकाश, न्यावं लागतं. एवढा फरक ध्यानात आला की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं काम निखारे कुठे ठेवायचे याचं आहे. आणि चांगली गोष्ट अशी, की मांस रसाळ ठेवणारी पद्धत आणि तब्येतीला कमी त्रास देणारी पद्धत बऱ्याच अंशी एकच आहे.

मांस तापतं तेव्हा

कच्च्या मांसात साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं. हे पाणी स्नायूंच्या बारीक तंतूंमध्ये, प्रथिनांच्या जाळ्यात अडकलेलं असतं. मांस तापू लागलं की ही प्रथिनं आक्रसतात आणि ओला पंचा पिळावा तसं पाणी बाहेर येतं. सुमारे ५० अंश सेल्सिअसपासून मायोसिन नावाचं प्रथिन घट्ट होऊ लागतं. मांसाचा कच्चा, अर्धपारदर्शक रंग जाऊन ते पांढुरकं आणि भरीव होतं. हा बदल आपल्याला हवाच असतो. साठीच्या पुढे तंतूंना गुंडाळणारं कोलॅजनचं आवरण आवळू लागतं आणि रस गळायला सुरुवात होते. सत्तरीच्या आसपास अ‍ॅक्टिन हे दुसरं प्रथिनही आवळतं. तिथून पुढे मांस भराभर कोरडं पडतं.

यातलं कोलॅजन मोठं गमतीचं आहे. साठीत जे मांसाला आवळतं, तेच पुढे ७० अंशांच्या वर, ओलसर उष्णतेत बराच वेळ राहिलं की विरघळतं आणि त्याचं जिलेटिन होतं. मटणाच्या पायांचं सूप फ्रिजमध्ये ठेवल्यावर वडीसारखं थिजतं, ते या जिलेटिनमुळेच. मांसात हे जिलेटिन तयार झालं की तंतू सुटे होतात आणि गेलेल्या पाण्याची उणीव तो बुळबुळीत, चिकट ओलावा भरून काढतो.

आता कोंबडी आणि बरगडी शेजारी ठेवून पाहा. पोल्ट्रीतली कोंबडी उडत नाही, त्यामुळे तिच्या छातीच्या स्नायूंना काम जवळजवळ नसतंच. त्यात कोलॅजन थोडं, चरबीही थोडी. तिला जास्त वेळ शिजवून काहीच हाती लागत नाही, फक्त पाणी जातं. बरगड्यांमधले स्नायू मात्र प्राणी श्वास घेतो तेव्हा हलत असतात, जन्मभर. त्यांच्यात कोलॅजन भरपूर. ते विरघळायला वेळ दिलाच पाहिजे. कोंबडीची मांडी आणि तंगडी या दोघींच्या मधली: ७४ अंशांना सुरक्षित, पण ८० अंशांपर्यंत नेली तर आणखी मऊ होणारी. म्हणूनच नवख्या माणसाने छातीऐवजी मांडीपासून सुरुवात करावी. तिथे चूक पोटात घातली जाते.

कोंबडी: खिडकी पाच-सहा अंशांची

कच्च्या कोंबडीत साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू असू शकतात. जुलाब, ताप, पोटात कळा हा त्यांचा नेहमीचा त्रास. निरोगी माणूस बहुधा आठवडाभरात बरा होतो. पण लहान मुलं, गरोदर स्त्रिया, वयस्क मंडळी आणि मधुमेह किंवा कर्करोगाच्या उपचारांमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांना तो गंभीर होऊ शकतो. कॅम्पिलोबॅक्टरच्या संसर्गानंतर क्वचित गियाँ-बारे सिंड्रोम हा नसांचा आजारही होतो. त्यामुळे 'थोडं कच्चट राहिलं तर काय बिघडतं' हे कोंबडीच्या बाबतीत चालत नाही.

जिवाणू मरणं हे तापमान आणि वेळ या दोन्हींवर अवलंबून असतं. कमी तापमानाला जास्त वेळ लागतो, ७४ अंशांना ते जवळपास लगेच मरतात. म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने घरगुती स्वयंपाकासाठी सोपा नियम ठेवला आहे: कोंबडीचा सर्वांत जाड भाग आतून ७४ अंश सेल्सिअस, म्हणजे १६५ फॅरनहाइट झाला पाहिजे. दुसरीकडे ८० अंशांना छातीचा चोथा होतो. म्हणजे सुरक्षित आणि रसाळ यांच्यातली खिडकी अवघी पाच-सहा अंशांची. ती बोटाने दाबून किंवा घड्याळ पाहून पकडता येत नाही. त्यासाठी टोकदार सुईचा, स्वयंपाकाचा थर्मामीटर लागतो. दुकानात किंवा ऑनलाइन तो सहज मिळतो, आणि ग्रिलवरच्या इतर कुठल्याही सामानापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

सुई बाजूने आडवी, तुकड्याच्या सर्वांत जाड जागी घालायची आणि हाडाला टेकू द्यायची नाही. हाडाजवळचा आकडा फसवा असतो. थर्मामीटर बरोबर आहे का हे पाहायला बर्फ आणि पाण्याचं मिश्रण वापरावं. त्यात शून्य दिसलं पाहिजे. उकळत्या पाण्याने तपासायचं तर आपण किती उंचावर आहोत हे आठवावं. मुंबईत पाणी १०० अंशांना उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ अंशांनाच. जाड तुकडा जाळीवरून उतरवल्यावरही आतून दोन-तीन अंश चढतो. त्यामुळे तो ७२ला काढून ताटात ठेवला आणि काट्याने ७४ गाठलेले दिसले, तरी चालतं. नाही गाठले, तर परत जाळीवर.

रंगावर भरवसा ठेवू नये. धुरातल्या वायूंची मांसातल्या मायोग्लोबिन या रंगद्रव्याशी गाठ पडली की बाहेरचा थर गुलाबी राहतो, मांस पूर्ण शिजलं तरी. कोवळ्या कोंबडीच्या हाडातला रंग आजूबाजूच्या मांसात उतरतो आणि शिजलेली तंगडी कच्ची वाटते. उलट, पांढरं दिसणारं मांस आतून ७४ला पोचलेलं नसू शकतं.

आणखी एक जुना समज इथेच निकालात काढू. मोठ्या आचेवर पहिल्यांदा चटका दिला की मांसाची 'छिद्रं बंद होतात' आणि रस आत राहतो, असं अनेक जण सांगतात. हा विचार जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टस फॉन लीबिग यांनी १८४७च्या सुमारास लोकप्रिय केला. तो चुकीचा आहे. चटका दिलेल्या मांसातूनही रस गळतच असतो. तव्यावर ऐकू येणारा 'चुर्र' आवाज त्या रसाचाच. चटक्याचा उपयोग वेगळा आहे. साधारण १४० अंशांच्या वर पृष्ठभागावरची प्रथिनं आणि साखर यांच्यात मेलार्ड प्रक्रिया होते आणि तपकिरी रंग, खमंग वास आणि चव तयार होते. १९१२मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामीय मेलार्ड यांनी तिचं वर्णन केलं. म्हणजे चटका हवा, पण चवीपुरता. तो आधी दिला काय आणि शेवटी दिला काय, फारसा फरक पडत नाही.

निखारे एका बाजूला

घरोघरी होणारी मुख्य चूक अशी, की शेगडीत कोळसा सगळीकडे सारखा पसरला जातो. मग जाळीवर आच कमी करायला जागाच उरत नाही. निखाऱ्याचं तापमान काही शे अंश असतं. हाडासकट तंगडी त्याच्या थेट वर धरली, तर बाहेरून करपायला दहा मिनिटं पुरतात आणि आत उष्णता पोचायला अर्धा-पाऊण तास लागतो.

उपाय सोपा आहे. पेटलेले कोळसे शेगडीच्या एका अर्ध्या भागात सारायचे, दुसरा अर्धा रिकामा ठेवायचा. रिकाम्या भागात जाळीखाली पाणी घातलेला उथळ ट्रे ठेवायचा. निखाऱ्यांवर थेट आच मिळते, रिकाम्या बाजूला फक्त गरम हवा. झाकण लावलं की तिथे भट्टी तयार होते. गॅसच्या ग्रिलमध्ये एका बाजूचा बर्नर बंद ठेवला की हेच साधतं. झाकणाचं महत्त्व शिकागोजवळच्या जॉर्ज स्टीफन यांनी ओळखलं. ते धातूकामाच्या कारखान्यात काम करत. पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये तिथे बनत. तो गोल अर्धा कापून १९५२मध्ये त्यांनी झाकणाची ग्रिल केली. आज जगभर दिसणारी ती 'वेबर' किटलीसारखी ग्रिल.

हाडासकट तंगड्या आधी रिकाम्या बाजूला ठेवायच्या, झाकण लावायचं, आतून ६५-७० अंश होऊ द्यायच्या, मग निखाऱ्यांवर आणून सालीला रंग आणायचा. बिनहाडाची छाती मात्र जाडीला सारखी करून घ्यावी. एक टोक जाड आणि एक पातळ असेल, तर पातळ टोक आधी वाळतं. जाड भागावर प्लास्टिक पसरून लाटण्याने हलकेच ठोकलं की ती दोन सेंटिमीटरपर्यंत सपाट होते आणि थेट आचेवर दहा-बारा मिनिटांत तयार होते. तुकडे वारंवार उलटावेत. एकदाच उलटायचं, असा काही शास्त्रीय नियम नाही. सतत उलटल्याने दोन्ही बाजू सारख्या शिजतात आणि करपतातही कमी.

मीठ आधी लावण्याने खरा फायदा होतो. मिठामुळे मायोसिनचा काही भाग विरघळतो, तंतू सैल पडतात आणि शिजताना कमी आवळतात. त्यामुळे पाणी जास्त राहतं. एक किलो चिकनला १० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन सपाट छोटे चमचे मीठ चोळून दोन ते बारा तास फ्रिजमध्ये ठेवावं. पाण्यातून मीठ द्यायचं असेल तर लिटरला ५० ग्रॅम आणि छातीच्या तुकड्यांना एक-दोन तास पुरतात. मग मसाल्यात वेगळं मीठ घालू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाचं दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावं. रक्तदाबाचे रुग्ण जेवायला असतील तर सॉस आणि लोणचं त्या दिवशी दूरच ठेवावं. अमेरिकेत मिळणाऱ्या काही पाकिटांतल्या चिकनमध्ये आधीच मिठाचं पाणी भरलेलं असतं. लेबल वाचून मगच मीठ लावावं.

मसाल्याचं बाकी सगळं, हळद, तिखट, आलं-लसूण, हे पृष्ठभागाच्या काही मिलिमीटरपलीकडे जात नाही. म्हणूनच तंदुरीच्या तंगडीला चिरा पाडतात. दही सौम्य आंबट असल्याने चांगलं, शिवाय ते मांसाला लेपासारखं चिकटून राहतं. लिंबू किंवा व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवलं तर वरचा थर पिठूळ होतो. कच्च्या पपईतलं पपेन हे विकर प्रथिनांना तोडतं आणि मांस तापत असताना त्याचा जोर आणखी वाढतो. मटणाला चमचाभर पपई ठीक, चिकनला तिची गरजच नाही.

बरगड्या: घाई नडते

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बार्बेक्यूत बरगड्यांना मानाचं पान आहे. मेम्फिसला त्यांवर कोरडा मसाला चोळतात, कॅन्सस सिटीला टोमॅटोचा गोड-आंबट सॉस लावतात. पद्धत मात्र एकच: मंद आच आणि बराच वेळ. मुळात डुकराच्या बरगड्या हा स्वस्तातला, हाडं जास्त आणि मांस कमी असलेला भाग. महागडे मऊ तुकडे ज्यांच्या वाट्याला येत नसत, त्यांनी, विशेषतः गुलामगिरीत राबणाऱ्या कृष्णवर्णीय स्वयंपाक्यांनी, वेळ हाच मसाला मानून ही कला वाढवली.

काम असं चालतं. बरगड्यांच्या हाडाकडच्या बाजूला एक पातळ, चिवट पापुद्रा असतो. तो शिजून मऊ होत नाही आणि मसालाही आत जाऊ देत नाही. एका टोकाला चमच्याच्या दांड्याने उचलून, कागदी रुमालाने घट्ट धरून ओढला की निघतो. मग मीठ-मसाला लावून बरगड्या रिकाम्या बाजूला ठेवायच्या आणि झाकणाखालचं तापमान ११० ते १२० अंशांच्या दरम्यान सांभाळायचं. त्यासाठी कोळसा थोडा, तासा-दीड तासाने दोन-चार नवे तुकडे, आणि हवेची भोकं अर्धवट उघडी. लहान, पाठीकडच्या बरगड्यांना चार-पाच तास लागतात, मोठ्या पोटाकडच्यांना पाच-सहा.

मांसाचा मोठा तुकडा असा शिजवताना एक विचित्र गोष्ट घडते. आतलं तापमान ६५-७० अंशांपर्यंत नीट चढतं आणि मग तासन् तास तिथेच अडकून बसतं. नवशिके घाबरून कोळसा वाढवतात. भौतिकशास्त्रज्ञ ग्रेग ब्लाँडर यांनी प्रयोगांनी दाखवून दिलं, की याचं कारण बाष्पीभवन आहे. आपल्या माठातलं पाणी जसं पाझरून, वाफ होऊन गार राहतं, तसंच मांस आपल्याच रसाच्या वाफेने स्वतःला गार ठेवत असतं. जेवढी उष्णता आत येते तेवढी वाफेबरोबर जाते. खांद्याच्या जाड तुकड्यात हे ठळक दिसतं, बरगड्या पातळ असल्याने त्यांत कमी. उपायही माठावरूनच सुचतो: बाष्पीभवन थांबवा. दोन-तीन तासांनी, रंग हवा तसा आला की बरगड्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये घट्ट गुंडाळायच्या. आत वाफ कोंडते, तापमान पुन्हा चढू लागतं, आणि कोलॅजनला विरघळायला लागणारा ओलावाही मिळतो. फॉइलमध्ये दीड-दोन तास झाले की उघडून पुन्हा जाळीवर ठेवायच्या. सॉस त्यानंतर, अगदी शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत. त्यातली साखर आधी लावली तर जळून कडू होते.

झालं हे कसं ओळखायचं? आतलं तापमान ९० ते ९५ अंश. मांस हाडाच्या टोकापासून सुमारे एक सेंटिमीटर मागे सरकलेलं. दोन हाडांमधल्या मांसात टूथपिक लोण्यात जावी तशी जाते. पट्टी चिमट्याने एका टोकाला उचलली की ती वाकते आणि वरच्या थराला चीर पडते. हात लावताच हाड सुटून आलं, तर अमेरिकेतले स्पर्धांचे परीक्षक त्याला जास्त शिजलेलं म्हणतात. घरी पंक्तीत ते कुणाला आवडलं, तर बिघडलं काही नाही.

डुकराच्या मांसाबद्दल आपल्याकडे पट्टकृमीची भीती असते आणि ती निराधार नाही. नीट न शिजवलेल्या मांसातून हा कृमी आतड्यात जातो. त्याची अंडी विष्ठेतून, अस्वच्छ हातांतून आणि न धुतलेल्या भाजीतून पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन फिट येऊ शकतात. म्हणूनच हा आजार शाकाहारी माणसांतही दिसतो. अमेरिकी कृषी खात्याने २०११मध्ये डुकराच्या अखंड तुकड्यांसाठी ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटं थांबणं हा नियम केला. खिम्याला हा नियम लागू नाही. बरगड्या ९०च्या पुढे जातात, त्यामुळे तिथे हा धोका उरत नाही. मात्र मांस खात्रीच्या, तपासणी होणाऱ्या ठिकाणचंच घ्यावं.

पोर्क न खाणाऱ्यांना बोकडाच्या चापा आहेतच. शास्त्र तेच. पाच तास निखाऱ्यापाशी बसायला सवड नसेल तर आपल्या घरातला प्रेशर कुकर कामाला येतो. दाबामुळे त्यात पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि कोलॅजन अर्ध्या तासात विरघळतं. चापा थोड्या पाण्यात, मीठ-हळद लावून शिजवायच्या, पाण्याचा रस्सा करायचा आणि चापा मसाला लावून दहा मिनिटं निखाऱ्यावर धरायच्या. धुराची खोल चव मिळत नाही, पण मऊपणात कमी पडत नाही. करपणंही कमी होतं.

रायगडची पोपटी

थेट जाळ टाळून, मांस त्याच्याच वाफेत शिजवायचं, हे आपल्याला नवीन नाही. रायगड जिल्ह्यात थंडीत वालाच्या शेंगा तयार झाल्या की पोपटी लागते. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, मसाला लावलेलं चिकन, अंडी, बटाटे, वर पुन्हा पाला. तोंड पाल्याने बंद करून मडकं उपडं ठेवतात आणि भोवती काटक्या, पेंढा पेटवतात. पाणी थेंबभरही घालत नाहीत. पाल्याचा आणि शेंगांचा ओलावा आतल्या आत वाफ होतो. जोपर्यंत आत ओलावा आहे, तोपर्यंत तापमान शंभरच्या फार पुढे जात नाही. बाहेर कितीही जाळ असला तरी चिकन करपत नाही. झाकणाची ग्रिल आणि फॉइल जे काम करतात, तेच काम इथे माती आणि पाला करतात.

धूर, करपणं आणि कर्करोग

भाजलेल्या मांसाबद्दलची काळजी दोन गोष्टींमुळे आहे. मांस १५० अंशांच्या वर बराच वेळ भाजलं गेलं, की त्यातली अमिनो आम्लं, साखर आणि क्रिएटिन यांच्यातून हेटरोसायक्लिक अमाइन्स तयार होतात. आणि चरबी निखाऱ्यावर गळून भडका उडाला, की त्या धुरातून पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन्स मांसावर बसतात. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांमध्ये मोठ्या मात्रेत ही द्रव्यं कर्करोग घडवतात. माणसांच्या बाबतीत थेट, ठाम नातं अजून सिद्ध झालेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५मध्ये लाल मांसाला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवलं. त्यात डुक्कर आणि बोकड येतात, कोंबडी येत नाही.

याचा अर्थ वर्षातून चार-सहा वेळा शेगडी पेटवणाऱ्याने घाबरावं असा नाही. पण दर आठवड्याला काळं करपलेलं मांस खाणं शहाणपणाचं नाही. टाळायचं कसं, ते वर आलंच आहे: निखारे एका बाजूला, चरबी गळेल तिथे पाण्याचा ट्रे, तुकडे वारंवार उलटणं, मसाल्यात मुरवणं, करपलेला भाग कापून टाकणं. रसाळ चिकनसाठी आपण जे करतो, त्याने ही द्रव्यंही कमी होतात. मंद आचेच्या बरगड्यांत पहिल्या प्रकारची द्रव्यं कमी असतात, पण धूर तासन् तास लागतो, म्हणून तो पातळ, निळसर हवा. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड नीट जळत नाही, आणि त्याने चवही कडवट होते. लाकूड कोरडं आणि बिनरंगाचं असावं. प्लायवूड, पॉलिश केलेल्या फळ्या, जुन्या खोक्यांचं लाकूड शेगडीत कधीच घालू नये.

शेगडीभोवतीची शिस्त

आजारपण बऱ्याचदा जाळीवरून येत नाही, ताटातून येतं. कच्चं चिकन ज्या ताटात आणि ज्या चिमट्याने नेलं, त्यातच शिजलेलं काढलं जातं. दोन ताटं, दोन चिमटे ठेवावेत. मुरवणाचा उरलेला मसाला वरून लावायचा असेल तर तो आधी उकळावा. आपल्याकडे चिकन नळाखाली खळखळून धुण्याची सवय पक्की आहे. त्याने जिवाणू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर, शेजारच्या कोशिंबिरीवर उडतात. शक्यतो धुऊ नये, रक्त वगैरे कागदाने टिपून घ्यावं. धुतलंच तर धार बारीक ठेवावी आणि सिंक, ओटा, हात लगेच साबणाने स्वच्छ करावेत.

चार ते साठ अंशांच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात. म्हणून मांस, कच्चं असो वा शिजलेलं, दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. बाहेर ३२ अंशांपेक्षा जास्त उष्मा असेल तर एकच तास. आपल्याकडे वर्षातले कितीतरी महिने हा एक तासाचाच नियम लागू होतो. शेतघरावर जाताना कच्चं चिकन बर्फाच्या पेटीत न्यावं आणि उरलेलं गप्पा संपायची वाट न पाहता फ्रिजमध्ये टाकावं.

शेवटची गोष्ट जिवाशी गाठ घालणारी. पाऊस आला म्हणून किंवा थंडी वाजते म्हणून पेटती शेगडी खोलीत, तंबूत किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत आणू नये. विझत आलेल्या कोळशातूनही कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठूही देत नाही. पेटत्या कोळशावर रॉकेल ओतू नये. जाळी तारेच्या ब्रशने घासली तर तारेचा तुकडा अन्नात जाऊन घशात अडकू शकतो, म्हणून वापरण्याआधी ती ओल्या फडक्याने पुसावी.

पुढच्या वेळी शेगडी पेटवाल तेव्हा बरगड्या दुपारीच जाळीवर ठेवा आणि त्यांना विसरून जा. कोंबडी मात्र मंडळी पानावर बसायच्या बेतात असताना चढवा आणि तिच्यापासून हलू नका. हातात थर्मामीटर असू द्या. एकीला ७४वर उतरवायचं, दुसरीला ९०च्या पुढे जाऊ द्यायचं.